नेफ्यावर नंबर नसलेला घागरा

माझा धंदा ड्रेपरीचा, म्हणजे वेशभूषा भाड्याने देण्याचा. संपादकांनी सांगितलं, धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा. तसे बरेच आहेत, लिहिते. पण माझ्या एका वाक्यामुळे एका बाईने आयुष्यभर अंगावर वागवलेले कपडे उतरवून पेटीत ठेवले, आणि तिने ते पुन्हा घालावेत म्हणून मी जवळजवळ वर्षभर खटपट केली, तेही लिहिणार आहे. त्यात गंमत कमी आहे. ज्यांना नको असेल त्यांनी अर्ध्यात पान उलटावं.

आमचं गाव डोंगरात. उमरखेडकडून येणारी एसटी घाट चढताना कण्हत येते आणि माथ्यावर पोचली की गप्प होते. तिथून गाव सुरू. भोवती सागाचं जंगल, कडेने बंजाऱ्यांचे तांडे, मध्ये बाजार, चार शाळा आणि एक कॉलेज. माझं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. नवरा नाटकवाल्यांना कपडे पुरवायचा. तो गेला तोवर नाटकंही गेली होती. राहिल्या त्या नऊ लोखंडी पेट्या आणि दोन शिलाई मशीन. मुलगी पुण्याला असते. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आगेमागे दुकानात उभं राहायला जागा नसते. बाकीचं वर्ष मी असते आणि डांबराच्या गोळ्यांचा वास असतो.

आपला देश कसा दिसतो हे आमच्या गावाला माझ्या पेट्यांमधून कळतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी आहे: पंजाब, गुजरात, केरळ, काश्मीर. काश्मीर आणि हिमाचलचा ड्रेस एकच, टोपी तेवढी बदलते. केरळच्या पांढऱ्या साडीला लाल पट्टी टाचली की बंगाल होतो. टाके लांब घालायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी उसवून परत केरळ. ईशान्येच्या सात राज्यांना मिळून माझ्याकडे दोन शाली आहेत. अजून कोणी तक्रार केलेली नाही, कारण आमच्या मैदानात बसलेल्यांपैकी तिकडे कोणी गेलेलं नाही.

सगळ्यात मागणी भारतमातेला. एका वर्षी तीन शाळांना भारतमाता हवी होती आणि माझ्याकडे मुकुट दोन. तिसरा मी रात्रभर जागून पुठ्ठ्याचा केला, तर त्या शाळेचे हेडमास्तर मोजपट्टी घेऊन आले, की आमचा मुकुट बाकीच्यांपेक्षा दोन बोटं बुटका आहे. त्याच वर्षी एका भारतमातेची आई माझ्यामागे लागली होती, की पोरीला चष्म्याशिवाय दिसत नाही, चष्मा राहू द्या. बाईंनी ऐकलं नाही. भारतमातेला चष्मा नसतो, म्हणाल्या. ती पोर मिरवणुकीच्या ट्रॉलीवरून उतरताना सरळ बँडवाल्याच्या ढोलावर उतरली. मुकुट मला दोन तुकड्यांत परत मिळाला.

आणखी एक गिऱ्हाईक सांगते. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर सव्वीस जानेवारीला अचकन आणि फेटा भाड्याने न्यायचे. ना नाटक, ना मिरवणूक. झेंड्याला जायचे, परत यायचे, इस्त्री करून ड्रेस आणून द्यायचे. एकदा मी विचारलं, काका, कशासाठी? ते म्हणाले, “आजच्या दिवशी धाबारा लोकं थांबून नमस्कार करतात. बाकी कोन थांबते?” पुढे ते यायचे बंद झाले. अचकन अजून आहे, ती कोणाला बसत नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक कपड्याच्या नेफ्याच्या आत, कमरेच्या पट्टीला, न पुसणाऱ्या शाईने मी नंबर घातलेला असतो. कार्यक्रम संपला आणि पोरं ड्रेस घालूनच घरी गेली, की तो ड्रेस गेला. कोणाच्या पाळण्यात दुपटं म्हणून सापडतो, कोणाच्या देवघरात पडदा म्हणून. म्हणून शेवटचा नाच सुरू झाला की मी मैदानाच्या फाटकावर जाऊन उभी राहते. शेजारी कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा बांधलेला असतो. येईल त्याला सांगायचं, “ड्रेस इकडे जमा करा,” नेफा उलटायचा, नंबर बघायचा, पेटीत टाकायचा. एका संध्याकाळी हे वाक्य मी दोनतीनशे वेळा बोलत असेन. एकोणीस वर्षांत मी कार्यक्रम म्हणून एकही पाहिलेला नाही. आधी स्टेजमागे पिना लावत असते, मग फाटकावर. पुढून देश कसा दिसतो हे मला विचारू नका.

गेल्या वर्षी नगरपंचायतीने सव्वीस जानेवारीला जोडून तीन दिवसांचा कार्यक्रम ठेवला. कला, वारसा, देशाची ओळख, असं सगळं बॅनरवर होतं. कॉलेजच्या मुलींनी बंजारा नृत्य बसवलं. त्यांना मी गुजरातच्या पेटीतले घागरे दिले, वरून जास्तीचे आरसे चिकटवले, आणि नागपूरहून आणलेले घुंगराचे दागिने दोन्ही कानांशी केसांत लावून दिले. त्या मुलींत बंजाऱ्याची एकही नव्हती. आणि खालच्या तांड्यावरची एक मुलगी, पायल, त्याच दिवशी शाळेच्या भांगड्यात पंजाबी होऊन नाचत होती. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. ज्याला जो ड्रेस बसेल तो द्यायचा, हा आमचा हिशोब.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरताना मी फाटकावर होते. वारा सुटलेला, ताडपत्री फडफडत होती, पोरांची रांग लागलेली. कॉलेजच्या मुलींचे घागरे जमा होत होते. आठ यायचे होते, सात आले होते. एवढ्यात घागरा घातलेली एक बाई रांगेच्या बाजूने सरळ फाटकाबाहेर निघालेली मला दिसली. मी हात आडवा घातला आणि म्हणाले, “ड्रेस इकडे जमा करा.”

ती थांबली. मी तोंडाकडे बघितलंच नाही. आमच्या धंद्यात तोंडाकडे बघत नाहीत. सवयीने तिच्या घागऱ्याचा नेफा बोटांनी उलटला आणि नंबर शोधला. नंबर नव्हता. कापड माझ्याकडच्यासारखं नव्हतं, जाड होतं, वापरून मऊ झालेलं. आरसे चिकटवलेले नव्हते, एकेक टाक्यात बसवलेले होते. तेव्हा मी वर बघितलं. सत्तरीच्या पुढची बाई होती. कोपरापर्यंत गोंदलेलं.

“मार छ,” ती म्हणाली. मग मला समजावं म्हणून पुन्हा म्हणाली, “माह्यं हाय, बाई. घरचं.”

रांगेतला एक बाप हसला. “आजी, देऊन टाका, नाही त दंड बसन,” तो म्हणाला, तसे आणखी चारपाच जण हसले. तिची नात, पायल, पंजाबी ड्रेस जमा करून तिच्या मागेच उभी होती. तिने आजीचा हात धरला नाही. ती मान खाली घालून एकटीच पुढे निघून गेली.

मी माफी मागितली नाही. मागे रांग होती, एक घागरा कमी होता. “बरं, जा,” म्हणाले आणि पुढच्या पोराचा फेटा सोडायला घेतला. आठवा घागरा नंतर आडोशामागे सापडला.

ही गोष्ट मी विसरले असते. होळीच्या सुमाराला एक बाई ब्लाउज शिवायला घेऊन दुकानात आली. पायलची आई, सुनीता. माप देता देता म्हणाली, “ताई, तुमचे लय उपकार झाले. आमच्या सासूबाई आता साडी नेसून राह्यल्या.” मी विचारलं, माझे कसले उपकार? तर म्हणाली, “आमी धा वर्षं सांगून थकलो, का आता कोनी नाई घालत, दवाखान्यात लोकं पाह्यतात, पायलले शाळेत पोरी चिडवतात. आयकत नोहत्या. तुमी त्या दिवशी बोल्ल्या अन् घरी आल्याबरोबर उतरवलं. पेटीत ठेवून देल्लं. एका शब्दात काम केलं तुमी.”

ती खरंच आभार मानत होती. मी माप लिहून घेतलं. छाती छत्तीस लिहिलं का कंबर, ते दुसऱ्या दिवशी मलाच वाचता येईना.

पुढच्या रविवारी मी तांड्यावर गेले. जीप फाट्यापर्यंत जाते, पुढे उतार पायी. धनीबाई, पायलची आजी, ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती. गुलाबी नायलॉनची साडी, सुनेचीच असावी. साडी तिला नेसता येत होती, पण तिच्या चालण्याला ती माहीत नव्हती. घागऱ्यातला पाय लांब पडतो. दोन पावलांवर ती अडखळायची आणि निऱ्या हाताने उचलून धरायची, नदी ओलांडताना धरतात तशा.

मी सरळ सांगितलं, चूक माझी होती, मी न बघता बोलले, तुम्ही तुमचे कपडे घाला. तिने चहा केला. “तुही काय चूक?” म्हणाली. “तुह्या दुकानात असेच राह्यते. तुले वाटलं तुहंच हाय.” मग डाळीतले खडे दाखवून यंदाच्या तुरीबद्दल बोलली. मी पुन्हा विषय काढला तर म्हणाली, “साडी हलकी हाय.” मी परत आले.

मला रडण्या-बिडण्याची सवय नाही. बिघडलेली गोष्ट उसवून पुन्हा शिवायची एवढंच येतं. म्हणून दुसऱ्या खेपेला काम घेऊन गेले. म्हटलं, मला सहा बंजारा ड्रेस खरे करून हवेत, कापड-दोरा माझा, बाकी तुम्ही सांगाल तसं. माझा बेत साधा होता. हातात पुन्हा ते काम आलं की अंगावरही येईल.

ती तयार झाली. मंगळवारी बाजाराला यायची ती दुपारभर माझ्या दुकानात बसायची. पहिल्याच दिवशी तिने माझा बंजारा ड्रेस उचलून उजेडात धरला आणि विचारलं, “हे कोन्त्या गावचे लोकं?” मी म्हणाले, तुमचेच की. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने एकेक नाव सांगितलं. घागऱ्याला फेटिया म्हणतात, पाठ उघडी असलेल्या चोळीला कांचळी, डोक्यावरच्या ओढणीला टुकरी. आणि केसांतले ते घुंगराचे दागिने, जे मी कॉलेजच्या आठही मुलींना लावून दिले होते, त्याला घुगरी म्हणतात आणि ती फक्त लग्न झालेली बाई घालते.

“त्या आठी पोरीयचं लगन झालं काय?” तिने विचारलं.

मी म्हणाले, एकीचंही नाही.

“मंग तू नागपूरवरून आनून सगळ्याइचं लावून देल्लं,” ती म्हणाली. “खर्च वाचला त्याइच्या मायबापाचा.” आणि पुन्हा ठसका लागेपर्यंत हसली. तिचा नवरा गेला त्या दिवशी तिने स्वतःची घुगरी काढली होती, हे तिने नंतर, सुईत दोरा ओवताना सांगितलं. मी माझं मंगळसूत्र कुठे ठेवलंय ते सांगितलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मंगळवार सोडले तर माझ्याकडे कोणी येत नव्हतं, आणि मंगळवारी मी सकाळीच स्टोव्ह पुसून ठेवायला लागले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी तिला आता याडी म्हणत होते. त्यांच्यात आईला म्हणतात. ती मला बाईच म्हणायची. सहा फेटिये झाले. ते सहाही मी पेटीत घडी घालून ठेवले, त्यांच्या नेफ्यांवर नंबर घातले. घालताना याडी बघत होती. तिच्या अंगावर तीच गुलाबी साडी होती.

शेवटी डिसेंबरात मी विचारलंच. म्हटलं, याडी, काम संपलं. आता पेटी उघडा आणि तुमचं तुम्ही घाला. मी चुकले होते, किती वेळा सांगू?

तिने सुई कापडात टोचून ठेवली.

“माही जाऊ होती,” ती म्हणाली. “गमनी. ते असे तवरोक आमी दोघी होतो. पान्यावर दोघी, बाजारात दोघी. कोनी हासलं त आमी त्याइले हासो. मांगच्या वर्षी ते गेली. मंग मी एकटी घालून राह्यली. एकटीनं घातलं का सोंग वाटते, बाई. दोघीनं घातलं त कपडे. मले ते वाटूनच राह्यलं होतं. तू फकत बोलून देल्लं.”

मी म्हणाले, “मग मी घालू का तुमच्यासंग? मंगळवारी? बाजारात जाऊ दोघी.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी थट्टा करत नव्हते हे तिला समजलं असावं, कारण या वेळी ती हसली नाही.

“तू घातली त लोकं म्हनतीन, ड्रेसवालीनं ड्रेस घातला,” ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात टेकून उठली, निऱ्या उचलल्या आणि जीप सुटायच्या आत जायला हवं म्हणाली.

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तिची चूक असती तर समजूत घातली असती, माझी चूक असती तर आणखी पन्नास वेळा कबूल केली असती. यात उसवायला काही मिळेना.

या सव्वीस जानेवारीला त्या सहा ड्रेसांत तांड्यावरच्या सहा मुली नाचल्या. पायल त्यांत होती, कारण शाळेत या वेळी बक्षीस बंजारा नाचाला जाणार अशी हवा होती. सकाळपासून याडी, त्याच गुलाबी साडीत, स्टेजमागे माझ्यासोबत होती. कांचळीच्या नाड्या पाठीवर कशा बांधायच्या ते माझ्या हातांना येत नव्हतं, ते तिने केलं. एकीच्या आईने हौसेने घुगरी आणली होती, ती याडीने काढून आईच्या हातात परत दिली. टुकरी डोक्यावर कुठवर यावी यावरून ती पायलला तीनदा रागावली. पायल म्हणाली, “आजी, टोचते हे.” याडी म्हणाली, “टोचू दे.”

नाच चांगला झाला म्हणतात. टाळ्या मला ताडपत्रीमागून ऐकू आल्या, पहिल्या नंबरचं नावही ऐकू आलं. माईकवाला आपली परंपरा, आपली ओळख असं काहीबाही म्हणत होता. मी तोवर फाटकावर पोचले होते. रांग लागली. सहा मुली आल्या, आडोशामागे गेल्या आणि जीन्स घालून बाहेर आल्या. पायलने तिचा फेटिया माझ्या हातात दिला तेव्हा तो अजून गरम होता. मी नेफा उलटला, नंबर बघितला, पेटीत टाकला. मग पंजाब आला, मग केरळ, मग दोन भारतमाता. गर्दी पुढे सरकत होती. बाया, म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेले बाप, शेंगदाण्याचे पुडे. कोणाच्या अंगावर माझं काही उरलंय का, तेवढंच मी बघत होते.

मैदान निम्मं रिकामं झालं तेव्हा सुनीता पायलची बक्षिसाची ढाल काखेत धरून आली. मी तिला म्हणाले, याडींना थांबायला सांग, दुकानात चहा घेऊन जातील, जीपला वेळ आहे.

सुनीताने मागे वळून रस्त्याकडे बघितलं.

“ताई, त्या कवाच्या गेल्या,” ती म्हणाली. “तुमच्या समोरूनच त गेल्या.”